सहा हाती काहील आणि मधली लाईन

परळीच्या ठेसनावर मी हमाल आहे, हे लग्नानंतर दोन वर्षं माझ्या सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी खोटं बोललो होतो असं नाही. सोयरीक जुळवायला माझे चुलते गेले होते. त्यांनी "पोरगा रेल्वेत हाय" एवढंच सांगितलं आणि समोर आलेला गुळाचा खडा तोंडात टाकला. तोंडात गूळ असल्यामुळं पुढचं सांगायचं राहिलं, असं ते शेवटपर्यंत म्हणत. पुढचं सासऱ्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. त्यांच्या डोळ्यांपुढं रेल्वेतला माणूस म्हणजे काळा कोट, पितळी बटणं आणि हातात झेंडी. लग्नात ते येईल त्याला सांगत होते, "जावयानं झेंडी दाखवल्याबिगर गाडी हालत न्हाई." मी मांडवात मुंडावळ्या बांधून बसलो होतो. त्या वेळी उठून खुलासा करणं बरं दिसलं नसतं.

पोती वाहून वाहून माझ्या मानेच्या मुळाशी लिंबाएवढा घट्टा आला होता. सासरवाडीला जाताना मी त्यावर उपरणं गुंडाळायचो. भर चैत्रातसुद्धा सोडायचो नाही. सासूबाई विचारायच्या, "जावईबापूंना सारखी सर्दी कावून होती?" बायको पदराआड हसायची. तिला पहिल्या आठवड्यातच सगळं कळलं होतं. रोज संध्याकाळी तीच त्या घट्ट्याला कोमट तेल लावायची.

आम्ही मूळचे नेकनूरकडचे. भावाभावांत शेत वाटता वाटता माझ्या वाट्याला आलं ते बैल वळवायलाही पुरेना, म्हणून मी परळीला आलो. तिथं माझ्यासारख्या पन्नास-साठ माणसांचं पोट एकाच गोष्टीवर चालायचं. परळीला दोन बाजूंनी दोन लायनी येत, पण त्यांची मापं निराळी होती. हैदराबादेकडून विकाराबाद, बिदर, उदगीर करत यायची तिच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फुटांचं अंतर. परभणीकडं जायची तिच्या रुळांमध्ये सव्वातीन फुटांचं. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणार कसा? म्हणून हैदराबादेहून आलेलं मीठ, घासलेट, कापड, लोखंड सगळं परळीला उतरवायचं आणि परभणीच्या गाडीत भरायचं. तिकडून आलेली सरकी, करडई, कापसाच्या गाठी इकडं चढवायच्या. तिकडं लातूरला तर अडीच फुटांची एक आणखी होती. आम्ही हमालांनी तिघींना नावं ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी.

थोरलीचा डबा उंच, मधलीचा बुटका. दोन्ही समोरासमोर लावून मध्ये जाड फळी टाकायची. थोरलीतून मधलीत जाताना फळी उतरती लागायची, उलट जाताना चढती. त्यामुळं हैदराबादेहून माल आला की आम्ही खूश आणि परभणीहून आला की आमचे मुकादम सोडून सगळे नाराज. मुकादम स्वतः पोतं उचलत नसत. उंचेपुरे, मिशीत हसणारे आणि दुसऱ्याची फजिती बघायला जेवण सोडून येणारे गृहस्थ होते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि सासऱ्यांचं कार्ड आलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पार्सलच्या खिडकीतल्या बाबूंकडं गेलो. त्यांनी मोठ्यानं वाचलं. सासऱ्यांनी आपल्या गुऱ्हाळासाठी हैदराबादेहून नवी काहील मागवली होती, उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पंचक्रोशीत कुणाकडं नाही एवढी, सहा हात रुंद. ती थोरल्या गाडीनं परळीला येईल. तिथून त्यांच्या गावच्या ठेसनापर्यंत ती रेल्वेनंच आणावी. 'आपण तिथं साहेबच आहात, तेव्हा चिंता नाही. मी स्वतः येतो.'

बाबूंनी कार्ड खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "साहेब?" ते म्हणाले.

आता सासऱ्यांचं गाव परळीहून मधल्या लायनीवर दुसरंच ठेसन. बैलगाडीनं पाच कोस. काहील गाडीत घालून सरळ नेता आली असती. पण सासऱ्यांनी गावात सांगून ठेवलं होतं की काहील जावयाच्या रेल्वेतून उतरणार. त्यासाठी हलगीवाले सांगितले होते.

मी बाबूंच्या हातापाया पडलो. एक दिवसासाठी त्यांनी आपला जुना कोट दिला. तो मला दंडात इतका घट्ट होता की हात पुढं केले की पाठीत टाके करकरायचे. मुकादमांना सांगणं भाग होतं, म्हणून त्यांनाही सांगितलं. ऐकून ते खाली बसले, जमिनीवर हात आपटून हसले आणि म्हणाले, "काळजी करू नगंस. तुला असा साहेब करतो की निजामसरकार जागा सोडून उठंल."



दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सासरे उतरले. डोक्याला गुलाबी पटका, हातात घुंगरांची काठी, बरोबर दोन गडी. मी कोट घालून उभा होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मुकादम धावत आले, कमरेत वाकले आणि ओरडले, "साहेब, गाडी सोडायची का थांबवायची?" मागं आमच्या टोळीतले आठही हमाल रांगेत उभे राहून मला मुजरा करत होते. एकानं तर माझे पाय पुसायला घेतले. मी दात आवळून म्हणालो, "सोडा." गाडी तिच्या वेळेनं सुटलीच. सासऱ्यांनी गड्यांकडं बघितलं. नजरेत एवढंच होतं: बघितलंत?

काहील थोरलीच्या उघड्या डब्यात आली होती. आम्ही सगळे बघतच राहिलो. काळीकुळकुळीत, चार बाजूंना चार दणकट कान, आणि आत चार माणसं पंगतीला बसतील एवढी ऐसपैस. थोरलीच्या डब्यात ती नीट मावली होती. शेजारी मधलीचा उघडा डबा उभा होता, आणि तो बघूनच मला कळलं की आज काही खरं नाही.

ठेसनमास्तर आले. हैदराबादचे, मान डोलावत बोलायचे. त्यांनी काहिलीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि म्हणाले, "क्या मियाँ, ये कढ़ाई तो डब्बे से बड़ी है! नक्को."

सासरे पुढं झाले. "मास्तर, तुमी फिकीर करू नका. आमचे जावई हायत न्हवं?"

मास्तरांनी कोटातल्या माझ्याकडं पाहिलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सासऱ्यांच्या पाठीमागून हात जोडले, डोळ्यांनी विनवलं. मास्तर दयाळू होते. काय समजायचं ते समजले आणि एवढंच म्हणाले, "कमान के नीचे से निकल गई तो ले जाओ."

ही कमान म्हणजे मालधक्क्याच्या टोकाला रुळांवर उभी केलेली लोखंडी चौकट. तिला वरून आणि बाजूंनी पट्ट्या लोंबत असत. भरलेला डबा त्याखालून ढकलत न्यायचा. पट्टीला माल लागला तर तो मापाबाहेर, पुढं कुठंतरी पुलाला नाहीतर खांबाला अडणार. दोन्ही लायनींच्या कमानी अर्थातच वेगळ्या. थोरलीच्या कमानीखालून हत्ती गेला असता. मधलीच्या कमानीखालून हत्तीचं पिल्लू, तेही समजूतदार असेल तर.

पहिल्यांदा आम्ही काहील मधलीच्या डब्यावर आडवी ठेवली. दोन्ही बाजूंनी ती छत्रीसारखी बाहेर आली. डबा ढकलला. खण्ण! दोन्हीकडच्या पट्ट्या लागल्या.

"उभी करा," सासरे म्हणाले. आता हुकूम तेच सोडत होते.

उभी केली, दोरांनी आवळली, पुन्हा ढकलली. ह्या वेळी वरची पट्टी काहिलीच्या काठावर अशी आदळली की घंटेसारखा नाद उठला आणि कितीतरी वेळ घुमत राहिला. पलीकडं फलाटावर वैजनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं बसली होती. त्यांनी दचकून हात जोडले आणि "हर हर महादेव" म्हणाली. मुकादम पोत्यामागं जाऊन हसून आले.

"तिरकी धरा," सासरे म्हणाले.

तिरकी धरायची तर काहील अर्धी उचलून तिच्याखाली ओंडका सरकवायला हवा होता. आठ जण लागले. सासरे खाली रुळांपाशी उभे राहून काठीनं दाखवू लागले. "हिकडं घ्या. हिकडं. अजून जरा." मी कोटात फळीवर उभा. साहेबानं हात लावायचा नसतो, असं मुकादमांनी मला बजावून ठेवलं होतं.

आमच्यातल्या एकाचा पाय फळीवरून निसटला. त्याच्या हातातला कान सुटला आणि सगळी काहील त्याच बाजूला कलली. त्या बाजूला खाली सासरे होते. त्यांचं लक्ष काठीच्या टोकाकडं.

मग मी काय केलं ते मला दुसऱ्यांनी सांगितलं तेव्हा नीट कळलं. कोटाच्या पाठीचा टर्रकन आवाज झाला एवढं आठवतं. फळीवरून उडी मारून मी खाली गेलो, वाकलो आणि येणारा काठ मानेवर आणि पाठीवर घेतला. रोज पोतं घेतो तसाच, पाय फाकवून, श्वास रोखून. पोतं मऊ असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. गुडघे जमिनीला टेकायला आले. मुकादमांचा आवाज ऐकू आला, "धरा, बे, धरा! त्यो मरंल!" हसू कुठल्या कुठं पळालं होतं. ज्यांनी पाच वर्षांत पोत्याला हात लावला नव्हता, त्यांनीही खांदा दिला. काहील पुन्हा डब्यावर गेली.

मी उभा राहिलो तेव्हा कोटाचे दोन भाग दोन हातांत होते आणि उपरणं रुळात पडलं होतं. सासरे माझ्या पाठीमागं आले. मग त्यांचं बोट माझ्या मानेला लागलं.

"ह्यो घट्टा कशाचा?"

"पोत्यांचा, मामा."

"किती दिसांचा?"

"पाच वर्सांचा."

ते पोत्यावर जाऊन बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. एका गड्यानं पाणी आणलं ते घटाघटा प्यायले. मी समोर उभा होतो. माझ्या मनात बायको होती. आता हे तिला घेऊन जातील, असं वाटत होतं. हमाल दुसरीकडं तोंड करून उभे होते, आणि मुकादम बोटभर दोर उगाच सोडत नि बांधत होते.

शेवटी सासरे उठले. पण माझ्याकडं न येता थेट मास्तरांकडं गेले.

"मास्तर, मला एक सांगा. राजा एक, मुलूख एक, रेल्वे एका सरकारची. मग रूळ दोन मापाचे कावून? आमच्या गावात वाण्यानं दोन मापं ठेवली तर लोक दुकानावर धोंडे मारत्यात."

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पाटीलसाहब, मैं भी बारा साल से येईच पूछ रहा हूँ," ते म्हणाले. "ऊपर से ऐसाइच आया."

"आन् त्या दोन मापांच्या मधी आमचा जावई घातला," सासरे म्हणाले.

ते पाटील नव्हते, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

दुपारी गावातून भाड्याची बैलगाडी आणली आणि काहील तिच्यावर पालथी घातली. ती गाडीपेक्षा कितीतरी रुंद. बैलांच्या ढुंगणापर्यंत तिची सावली. आधी ते बिचकले, मग सावली आवडल्यामुळं मजेत चालू लागले. मी मुकादमांकडं रजा मागितली. त्यांनी न विचारता दोन दिवस दिले. फाटका कोट बाबूंना परत करायला गेलो तर त्यांनी दोन्ही भाग उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "दोघां भावांना एकेक होईल." पुढं बायकोनं तो शिवून दिला, पण बाबूंनी तो पुन्हा घातलेला मी पाहिला नाही.

सासरे आणि मी गाडीमागं चालत होतो. कोसभर गेलो. मग एक धनगर मेंढरं घेऊन आडवा आला. काहील बघून थांबला.

"हे काय म्हनायचं, पाव्हणं? देवळाचा कळस हाय का काय?"

"चहाची बशी हाय," सासरे म्हणाले. "निजामसरकारची." लगेच त्यांनी इकडंतिकडं कुणी शिपाई आहे का ते बघून घेतलं.

धनगर पार दिसेनासा होईपर्यंत विचारात उभा होता. मला हसू आलं, ते मी दाबलं. सासऱ्यांनी दाबलं नाही. दोघंही हसलो आणि मग बोलणं सुरू झालं.

"माझ्या लेकीला ठावं होतं?"

"व्हय, मामा."

"तिच्या आईला?"

मी मानेवरून हात फिरवला. खरं तर मला त्याच क्षणी उमगलं की सासूबाईंनी सर्दीचं इतक्या वेळा विचारलं ते उगाच नव्हतं.

"म्हंजे मी एकटाच येडा," ते म्हणाले. "आरं, सांगायचं की. मी काय वाघ हाय का?"

"तुमी लग्नात झेंडीचं सांगत व्हता. मला लाज वाटली."

"हमालीची?"

"न्हाई. तुमच्या झेंडीची."

त्यांनी काठीनं वाटेतला एक दगड बाजूला केला. "मीबी तरणेपणी दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायला होतो," ते म्हणाले. "भुवया जळाल्या होत्या. तुझ्या सासूला बघायला गेलतो तवा काजळानं काढून गेलतो. घामानं उतरल्या."

मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचा धीर झाला नाही.

रात्र वाटेतल्या एका वस्तीवर काढली. सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही गावाजवळ पोचलो. गाव रिकामं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलं की सगळे दुसऱ्यांदा ठेसनावर गेलेत. काल गेले, काहील उतरली नाही. आज पुन्हा हलगी घेऊन गेले. थोड्या वेळानं ते परतताना दिसले. हलगी काखेत, माना खाली, तोंडं उतरलेली. आणि वेशीत बघतात तर काहील त्यांच्या आधी येऊन उभी.

"रेल्वेनं येणार होती न्हवं?" कुणीतरी खोचकपणे विचारलं.

मी खाली बघितलं. सासरे गाडीच्या दांडीवर चढले. पटका नीट केला.

"आली व्हती रेल्वेनंच," ते म्हणाले. "थोरल्या गाडीनं आणली. मधल्या गाडीला झेपली न्हाई. कमान वाकली तिच्यापायी! मास्तर हात जोडून म्हणला, पाटील, तुमची काहील लई मोठी हाय, आमची रेल्वे लहान पडती."

गाव खूश झालं. हलगी पुन्हा बाहेर निघाली.

"आन् जावई?" तोच माणूस म्हणाला. "साहेब हायत म्हणं. कोट कुठं हाय त्यांचा?"

माझे कान तापले. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या जावयाकडं रेल्वेत लई वजनदार काम हाय," ते म्हणाले. "कोट घालून हुण्यासारखं न्हाई. काहील उतरवायची हाय. या, कुणाकुणाला येतंय त्यांच्या संगं उचलायला ते बघू."

पुढं आले ते सहा जण. वाकून, मान देऊन काहील कशी पेलायची ते मी त्यांना दाखवलं. श्वास कुठं घ्यायचा, पाय कुठं ठेवायचा, हाक कधी द्यायची. आम्ही ती वेशीतून गुऱ्हाळापर्यंत नेली आणि एकदाही न टेकवता चुलवाणावर बसवली. खोचक माणूस चौथ्या कानाला होता. रात्री त्याची कंबर धरली आणि सासूबाईंनी त्याला शेक पाठवला.

पहिली काहील करपली. एवढ्या मोठ्या भांड्याला जाळ किती लागतो याचा कुणालाच अंदाज नव्हता. काळा, कडू गूळ निघाला. सासऱ्यांनी तो बैलांना घातला, बैलांनी हुंगून सोडला. दुसरी चांगली उतरली. मडकंभर काकवी आणि दोन ढेपा घेऊन मी परळीला आलो. हमालांनी बोटं चाटली. मास्तरांनी विचारलं, "पहुँच गई कढ़ाई?" मी हौ म्हणालो. त्यांनी गुळाचा खडा रुमालात बांधून घेतला. बायकोनं सगळी हकीकत तीनदा सांगायला लावली. भुवयांचा भाग पाच वेळा.

तेव्हापासून दर हंगामाला काहील चढवायला नि उतरवायला मला बोलावणं येऊ लागलं. कार्डावर 'साहेब' जाऊन 'चिरंजीव' आलं.

फाल्गुनात सासरे न कळवता परळीला आले. परभणीहून सरकी आली होती, म्हणजे चढती फळी. मी पोतं घेऊन वर चाललो होतो, म्हणून मला दिसले नाहीत. ते सावलीत बसून बघत राहिले. पाळी संपली तेव्हा ते पिशवीतून काहीतरी काढत पुढं आले. सासूबाईंनी जुन्या वाकळेची, आत कापूस भरून, मानेच्या आकाराची जाड गादी शिवली होती. दोन बाजूंना बंद होते. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर ती माझ्या मानेवर ठेवली, बंद काखेतून घेऊन छातीवर गाठ मारली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

"बसती का?"

"बसती, मामा."

मुकादम जवळच होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ते जवळ आले, गादी दोन बोटांनी दाबून बघितली आणि सासऱ्यांना म्हणाले, "पाटील, घरी अजून वाकळ हाय का?"

पुढच्या आठवड्यात मधलीच्या गाडीनं आणखी आठ गाद्या आल्या.